चौसष्ट घरांची संख्या: प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै २०२५, गुरुवार

आज ठरलं. यंदा गणपतीत गल्लीतल्या मांडवाच्या एका बाजूला आम्ही एकच संख्या मांडणार. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुपटीने दाणे ठेवत चौसष्ट घरं भरली तर एकूण दाणे होतात:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. राजा, हुशार माणूस, बक्षीस, रिकामी झालेली कोठारं. ऐकणारे "बाप रे" म्हणतात आणि विषय संपतो. शिकवणीत बावीस वर्षं मीही तिथेच थांबत आले. यंदा पुढे जायचं. ही संख्या आतून कशी आहे, तिला कशाने भाग जातो, कशाने जात नाही, आणि का, हे लोकांना दिसलं पाहिजे. सगळं हाताने करायचं, कागद-पेन्सिलीवर.

ओजस (माझा भाचा, नववीत) म्हणाला, "आत्या, फोनवर दोन सेकंदांत येईल की." करून पाहिलं. फोनने १.८४४६७४४०७ आणि पुढे दहाचा एकोणिसावा घात दाखवला. कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात घातली तर १८४४६७४४०७३७०९६००००० आली. तो तक्ता पंधराच अंक धरतो, उरलेल्यांच्या जागी शून्यं भरतो. पाचावर संपणारी विषम संख्या पाच शून्यांवर संपलेली बघितली आणि ओजसने वही काढली.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी खाऊन दुपारी बसलो. आबाही आले. ते रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, आज ८४ वर्षांचे आहेत, पावकी-निमकी अजून तोंडपाठ.

बेरीज एकेक घर करत करायची गरज नाही. कुठल्याही घरापर्यंतची बेरीज ही पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा एकने कमी असते: १+२+४ = ७, पुढचं घर ८. म्हणून आपल्याला २ चा ६४वा घात काढून त्यातून एक वजा करायचा आहे. आता ६४ वेळा दुप्पट करत बसायचं का? भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ.स. ११५०) गुणोत्तर श्रेढीसाठी दिलेली रीत मी ओजसला दाखवली. पदसंख्या सम असेल तर निम्मी करा आणि बाजूला 'वर्ग' लिहा; विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुणक' लिहा; शून्यापर्यंत जा, मग खालून वर करत या. ६४ ला ही रीत लावली की ३२, १६, ८, ४, २, १ असं सहा वेळा 'वर्ग' येतं आणि शेवटी एक 'गुणक'. म्हणजे दोनापासून निघायचं आणि सहा वेळा वर्ग करायचा:

२
४
१६
२५६
६५५३६
४२९४९६७२९६
आणि शेवटचा, जो अजून करायचाय.

इ.स. १०००च्या सुमारास अल-बिरुनीनेही पटाचा हिशेब असाच वर्गांच्या वाटेने केला होता. ६५५३६ चा वर्ग आबांनी केला. एकदाही खोडलं नाही.

हा उभा रकाना जपून ठेवायचा. पुढे लागणार आहे असं मी ओजसला म्हटलं, का ते सांगितलं नाही.

१० जुलै, गुरुवार

४२९४९६७२९६ चा वर्ग. दहा आकडी संख्या एकदम गुणायला घेतली तर हातचे सांभाळणं कठीण, म्हणून मधोमध तोडली: ४२९४९ आणि ६७२९६.

४२९४९ चा वर्ग: (४३००० − ५१) चा वर्ग, १८४४६१६६०१.
दोन्हींच्या गुणाकाराची दुप्पट: ५७८०५९१८०८.
६७२९६ चा वर्ग: (६७३०० − ४) चा वर्ग, ४५२८७५१६१६.

पहिल्यापुढे दहा शून्यं, दुसऱ्यापुढे पाच, तिसरी जशीच्या तशी. एकाखाली एक मांडून बेरीज. तासाभरात झालं. रात्री मी मोठ्या अक्षरांत स्वच्छ उतरवून भिंतीवर लावलं.

११ जुलै, शुक्रवार

सकाळी आबांनी भिंतीवरच्या कागदाला नवाचा ताळा लावला. ४२९४९६७२९६ चे अंक मिळवले की ५८, मग १३, मग ४. चाराचा वर्ग १६, म्हणजे ७. उत्तराच्या अंकांची बेरीज ८८, मग १६, मग ७. जुळलं. मी खूश.

आबा म्हणाले, "अकराचाही लाव."

अकराच्या ताळ्यात उजवीकडून एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या आणि वजाबाकी करायची. मूळ संख्येसाठी २० − ३८ = −१८, त्यात दोनदा अकरा मिळवले की ४. चाराचा वर्ग १६, म्हणजे ५ यायला हवेत. माझ्या कागदावर ५९ − २९ = ३०, म्हणजे ८ आले. चूक.

वहीतली बेरीज पुन्हा तपासली, ती बरोबर. चूक उतरवताना झाली होती. मी …७०९५५… च्या जागी …७०५९५… लिहिलं होतं. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल. अंक तेच, म्हणून बेरीज तीच, म्हणून नवाचा ताळा काही बोलला नाही. अकराच्या ताळ्यात शेजारचे अंक वेगवेगळ्या रांगांत जातात, त्यामुळे तो लगेच बोलला. दुरुस्त केल्यावर ६३ − २५ = ३८, म्हणजे ५. जुळलं.

आबांनी सांगितलं की खात्यात असताना अशा अदलाबदलीचे फरक ते नऊने भागून ओळखायचे. दोन वह्यांतल्या फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर आधी उलटलेले अंक शोधायचे. मला हे माहीत नव्हतं. एकाच घरात राहून इतकी वर्षं मी कधी विचारलंच नव्हतं.

तर २ चा ६४वा घात १८४४६७४४०७३७०९५५१६१६, आणि एक वजा करून आपली संख्या. ताळ्यासकट.

१३ जुलै, रविवार

पाऊस उघडला म्हणून ओजसला किल्ल्यावर नेलं. गूजरी महालाकडून, पूर्वेच्या चढाने. अर्ध्या वाटेवर कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. ग्वाल्हेरात जन्म काढलेल्या कितीतरी माणसांनी ते आतून पाहिलेलं नाही. आतल्या भिंतीवरच्या लेखात संवत् ९३३ आहे, म्हणजे इ.स. ८७६. देवाच्या फुलांसाठी १८७ हात बाय २७० हात बाग दिली, रोज ५० माळा द्यायच्या, अशी नोंद. २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच गोल आहे, शेजारच्या अंकांपेक्षा लहान. ओजसने बोट न लावता हवेतच ते गोल गिरवलं.

आपल्या संख्येतही दोन शून्यं आहेत. परतताना टेम्पोत तिची वाचणी केली. भास्कराचार्यांच्या यादीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत. आपली संख्या वीस अंकी, म्हणून परार्धाच्या जागी १८४ म्हणावं लागतं: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अन्त्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५.

मांडवात वीस पुठ्ठे टांगायचे. प्रत्येकावर एक अंक, खाली स्थानाचं नाव.

१९ जुलै, शनिवार

अवयव पाडायला सुरुवात. वीस अंकी संख्येचे अवयव म्हटल्यावर ओजसने ३, ७, ११, १३ असे भाग द्यायची तयारी केली होती. मी फक्त आठवीतलं सूत्र लिहिलं: क² − १ = (क − १)(क + १).

आपली संख्या म्हणजे एका वर्गातून वजा एक. म्हणून ती ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७. डावा तुकडा पुन्हा वर्ग वजा एक: ६५५३५ × ६५५३७. पुन्हा डावा: २५५ × २५७. पुन्हा: १५ × १७. पुन्हा: ३ × ५.

ओजस थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने आषाढीचा कागद शोधून आणला. रकान्यात २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. अवयव ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७. प्रत्येक पायरीत एक मिळवलेला.

"म्हणजे वर चढताना ज्या पायऱ्यांवर पाय दिला, त्याच हिच्या आत आहेत?"

हो. हेच मला लोकांना दाखवायचंय. ही संख्या प्रचंड आहे हे खरं, पण ती सहा पायऱ्यांत बांधलेली आहे आणि त्याच सहा पायऱ्यांत सुटते.

२० जुलै, रविवार

यातले ३, ५, १७, २५७ मूळ आहेत, हे चटकन दिसतं. ६५५३७ चं नंतर. या माळेला फर्माच्या संख्या म्हणतात. १६४०च्या सुमारास पिएर द फर्मा याला खात्री वाटत होती की या सगळ्याच मूळ असणार. सहाव्या संख्येपाशी, आपल्याच ४२९४९६७२९७ पाशी, ते मोडतं.

२७ जुलै, रविवार

आज पूर्ण दिवस ४२९४९६७२९७ वर गेला. मला वाटतं सगळ्या प्रकल्पात हीच जागा सगळ्यात सुंदर आहे.

समजा एखादी मूळ संख्या हिला नि:शेष भागते. दोनाचे घात ओळीने लिहा, प्रत्येकाला त्या मूळ संख्येने भाग देऊन बाकी बघा. बत्तिसाव्या घाताची बाकी 'उणे एक' येणार (नि:शेष भागाला एकच कमी), म्हणजे चौसष्टाव्याची १. बाक्यांचं चक्र चौसष्ट पायऱ्यांचं झालं, त्याहून लहान नाही. आणि फर्माचाच दुसरा नियम सांगतो की मूळ संख्येपेक्षा एकने लहान घाताला बाकी १ यायलाच हवी. म्हणून मूळ संख्या वजा एक हा ६४ च्या पटीत. पटाची घरंच परत आली!

आता ४२९४९६७२९७ ला सरसकट मूळ संख्यांनी भागत बसायचं नाही, फक्त ६४ च्या पटीत एक मिळवलेल्यांनी: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या संयुक्त खोडल्या. उरल्या पाच. ओजसने एकेक भागाकार केला:

१९३ ने, बाकी १०९
२५७ ने, बाकी २
४४९ ने, बाकी ३२५
५७७ ने, बाकी २८८
६४१ ने, बाकी ०

शेवटच्या भागाकारात तळाशी शून्य आलं तेव्हा तो उठून स्वयंपाकघरात आजीला सांगायला गेला. ६४१ × ६७००४१७. लिओनार्ड ऑयलरने १७३२ मध्ये हेच दाखवलं. फर्माची समजूत जवळजवळ शंभर वर्षांनी खोटी ठरली. मला याचं फार वाटतं की मोडण्याचं हत्यार फर्माच्याच नियमात होतं, १६४० मध्येच. पाच भागाकारांचं काम होतं.

संध्याकाळी आबांना भागाकार न करता पटवायचं होतं, म्हणून ही दुसरी वाट लिहून दिली. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २⁷ ची बाकी उणे एक, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ५⁴ × २²⁸ ची, बाकी १. दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी उणे २⁴ ठेवा: उणे २³² ची बाकी १. म्हणजे २³² + १ ला ६४१ ने भाग जातो. आबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

३ ऑगस्ट, रविवार

उरलेला ६७००४१७ मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं वर. एदुआर ल्युका याने १८७८ मध्ये ऑयलरची ६४ च्या पटीची अट आणखी घट्ट केली: इथे अवयव १२८ च्या पटीत अधिक एक असाच हवा. २५८८ च्या आत अशा वीस संख्या, त्यातल्या मूळ पाचच. बाक्या: २५७ ने १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. एकही शून्य नाही. म्हणजे ६७००४१७ मूळ.

६५५३७ ला तर एकच भागाकार पुरला. त्याच्यासाठी ल्युकाची अट ६४ ची, वर्गमूळ २५६ च्या किंचित वर, आणि तिथपर्यंत नवी मूळ संख्या फक्त १९३. (२५७ ही माळेतलीच, आणि माळेतल्या कुठल्याही दोन संख्यांना समाईक अवयव नसतो.) बाकी ११०. मूळ.

पूर्ण झालं:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. दादा-वहिनी आले. जेवणानंतर आईने निवडलेल्या शरबती गव्हाच्या ताटातून हजार दाणे मोजले, सगळ्यांनी मिळून, शंभराच्या दहा ढिगांत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४२ ग्रॅम भरले.

पटाचा अर्धा भाग, बत्तीस घरं: ४२९४९६७२९५ दाणे, साधारण १८० टन. दहा टनी अठरा ट्रक. आपल्या लष्कर भागातल्या एखाद्या गोदामात मावेल. दादाला हे फार वाटलं नाही. मग पूर्ण पट: त्या १८० टनांना ४२९४९६७२९७ ने गुणायचं. सुमारे ७७,४७६ कोटी टन. जगात आता वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, म्हणजे साडेनऊशे वर्षांहून जास्त काळाचं पीक.

गोष्टीतला राजा कुठे फसला ते आज मला नीट समजलं. अर्ध्या पटापर्यंत तो दिलेला शब्द पाळू शकत होता.

१६ ऑगस्ट, शनिवार

एकूण विभाजक किती? सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. आबांनी लग्नाच्या आमंत्रणासारखं सांगितलं: सात पाहुणे, प्रत्येक जण येईल किंवा येणार नाही, म्हणून २ चा सातवा घात, १२८. नऊने भाग जात नाही हे अंकांच्या बेरजेवरूनही दिसतं: ८७.

डाव्या अर्ध्या तुकड्याचं आणखी एक महत्त्व आहे. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचच फर्मा-मूळ संख्या आजवर सापडल्या आहेत. आणि फक्त पट्टी-कंपासने विषम बाजूंचा समभुज-समकोन बहुभुज काढायचा तर बाजूंची संख्या अशाच वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. १७ बाजूंचा काढता येतो हे गाऊसने १७९६ मध्ये दाखवलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता. असे विषम बहुभुज आपल्याला ३१ माहीत आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्याच्या बाजू ४२९४९६७२९५. अर्ध्या पटावरचे दाणे! हा पुठ्ठा वेगळा करायचा.

ओजसने स्वतः एक गोष्ट शोधली. कितीही दाणे मागा, एकापासून पूर्ण पटापर्यंत, काही घरं पूर्ण उचलून ते देता येतात, आणि ती निवड एकाच प्रकारे होते. त्याने शिलालेखातल्या २७० वर करून दाखवलं: २५६ + ८ + ४ + २, म्हणजे नववं, चौथं, तिसरं आणि दुसरं घर. कॉम्प्युटर संख्या अशाच ठेवतो, आणि चौसष्ट जागांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या आपलीच, सगळी घरं भरलेली. पट आणि खडे मांडवात ठेवू, मुलं आपापला वाढदिवसाचा आकडा मांडतील.

२४ ऑगस्ट, रविवार

दौलतगंजातून पुठ्ठे, पोस्टर कलर, सुतळी. अठरा पुठ्ठे मी रंगवले. दोन शून्यं ओजसने मागून घेतली. त्याने ती बाकीच्या अंकांपेक्षा लहान काढली आहेत, थोडी वर, लेखातल्यासारखी. निखर्वाचं सुकलं, कोटीचं अजून ओलं आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. उद्या स्थापना. मांडवात सुतळीवर वीस पुठ्ठे लावले. खाली टेबलावर पट, गहू आणि भागाकारांची वही, ६४१ च्या पानावर उघडी. आबा खुर्ची घेऊन समोर बसले आणि उजवीकडून एकेक अंकावर काठी दाखवत एक, दश, शत म्हणत परार्धापर्यंत गेले. मग कागद मागितला आणि पुठ्ठ्यांवरून अकराचा ताळा पुन्हा लावला. ६२ − २५ = ३७, म्हणजे ४. पाचातून एक वजा, चारच हवे होते.